दिलेलं बक्षीस परत मागता येतं का?

अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टेरी टॉवेलवाले तुर्कस्तानला ओळखतात ते स्पर्धक म्हणून. तिथले टॉवेल १९९६ पासून कस्टम्स युनियनमुळे युरोपीय संघात आयातशुल्काशिवाय जातात. आजचा मुद्दा याच सवलतीतून निघतो.

शिमेलफेनिग आणि सेडेलमायर यांचं २००४ चं मॉडेल सांगतं: बक्षीस मोठं, आश्वासन भरवशाचं आणि सरकारला मोजावी लागणारी किंमत कमी, तर अटी पाळल्या जातात. सुरुवातीला हे पटतं. १९९९ मध्ये तुर्कस्तानला उमेदवारी मिळाली, २००४ पर्यंत फाशी पूर्ण रद्द झाली. २००५ मध्ये वाटाघाटी सुरू झाल्या. मग सायप्रसचा वाद, फ्रान्स-जर्मनीचा विरोध. आश्वासनावरचा भरवसा गेला, सुधारणा अडल्या.

माझा आक्षेप असा: मॉडेलची नजर पुढच्या बक्षिसावर आहे, आधीच देऊन झालेल्यावर नाही. बाजारपेठ तर मिळालेलीच होती. युरोप परिषदेचं सदस्यत्वही जुनंच. त्या परिषदेच्या मानवी हक्क न्यायालयाने २०१९ मध्ये उस्मान कावाला यांना सोडायला सांगितलं. सरकारने सोडलं नाही.

म्हणून प्रबंधात हे मॉडेल वापरणार असाल, तर आधी एक यादी करा: देशाला काय मिळून गेलंय, आणि ते काढून घेतलं तर देणाऱ्याचंही किती नुकसान होईल?