रुग्णाचं ऐकतंय कोण?

ॲटलस या जपानी कंपनीचा ‘ट्रॉमा टीम’ हा गेम 2010 साली निन्टेन्डोच्या ‘वी’वर आला. सहा डॉक्टर, सहा शाखा आणि प्रत्येक शाखेची खेळायची रीत वेगळी. मला त्यात रस आहे तो गेब्रिएल कनिंगहॅमपुरता. हा निदानतज्ज्ञ: तिरसट, सिगारेटचा नादी आणि रोनी नावाच्या संगणकी मदतनिसाशी सदा हुज्जत घालणारा. त्याच्या भागात कापाकापी नाही. समोर रुग्ण बसतो, बोलतो, त्याचं बोलणं पडद्यावर उमटतं आणि त्यातला खटकणारा तुकडा आपण टिपायचा. मग छातीला स्टेथोस्कोप: निरोगी माणसाचा आवाज एकीकडे, याचा दुसरीकडे, फरक कानाने ओळखायचा. मग सीटी स्कॅन, तेही निरोगी आणि याचं शेजारी शेजारी. शेवटी टिपलेली लक्षणं घेऊन रोनीपुढे बसायचं आणि संभाव्य रोगांच्या यादीशी ती ताडून पाहत एकेक रोग बाद करायचा.

वैद्यकीय रहस्यांच्या गेममध्ये एवढं धड काम आधी कुणी केलं नव्हतं आणि माझ्या मते पुढेही झालेलं नाही. पण माझं कौतुक इथंच संपतं.

अडचण त्या शेजारी टांगलेल्या निरोगी चित्रात आहे. रविवारच्या पुरवणीत दोन चित्रांतले सहा फरक शोधा म्हणतात, तसलं हे निदान. जे वेगळं दिसेल ते रोगाचंच लक्षण असणार, याची हमी खेळाडूला आधीच मिळालेली असते. खऱ्या दवाखान्यात ही हमी नसते. चाळिशीपुढच्या कुठल्याही माणसाच्या पाठीचा एमआरआय काढा, चारदोन मणक्यांत काही ना काही बिघाड बहुधा दिसेल, आणि त्याची पाठ त्यामुळेच दुखते असं मुळीच नाही. काय वेगळं आहे हे दिसणं सोपं असतं. त्यातल्या कशाकडे काणाडोळा करायचा हे ठरवणं अवघड, आणि तेवढं एक काम हा गेम खेळाडूकडे देत नाही.

ते काम ज्याला जमावं असा खेळप्रकार म्हणजे व्हिज्युअल नॉव्हेल. तो ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मागे एक चित्र, पुढे एक पात्र, खाली चौकटीत मजकूर आणि मधूनमधून निवडायला दोन-तीन पर्याय. युजी होरीईच्या 1983 सालच्या ‘पोर्टोपिया’ या खूनकथेपासून जपानी रहस्यगेमची वाट सुरू होते; 1992 मध्ये चुनसॉफ्टने ‘ओतोगिरिसो’ काढून वाचणं हाच खेळ करून टाकला. इथं धावपळ नाही, नेमबाजी नाही. माणसं बोलतात आणि आपण वाचतो.

आता दुसरीकडे बघा. 1975 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये जे. आर. हॅम्प्टन आणि सहकाऱ्यांचा एक छोटा अभ्यास छापून आला. बाह्यरुग्ण विभागात आलेले 80 नवे रुग्ण. त्यांतल्या 66 जणांच्या बाबतीत नुसती हकिगत ऐकून केलेलं निदानच अखेरीस कायम राहिलं. अंगतपासणी 7 जणांच्या बाबतीत उपयोगी पडली, प्रयोगशाळा आणखी 7 जणांच्या. आजच्या यंत्रांच्या काळात तोच अभ्यास केला तर आकडे हलतील, हे मान्य. तरी रोग बराचसा रुग्णाच्या तोंडून कळतो हे कुठलाही जुना फॅमिली डॉक्टर सांगेल. म्हणजे निव्वळ बोलण्यावर चालणारा एक खेळप्रकार आणि मुख्यतः बोलण्यावर चालणारी एक विद्या. यांचं जमायला हवं होतं.

जमलेलं नाही. वैद्यकीय खेळांत बोलणं भरपूर असतं, पण ते चुकीच्या जागी. डॉक्टरांची भांडणं, जुनी दुःखं, प्रेमप्रकरणं यांवर पानंच्या पानं खर्च होतात. रुग्ण समोर आला की चार वाक्यांत तक्रार उरकते आणि सूत्रं यंत्रांकडे जातात. ‘लाइफसाइन्स’ या गेममधला तेन्दो नावाचा शिकाऊ डॉक्टर इस्पितळभर हिंडून सगळ्यांशी गप्पा मारतो, मात्र रोग त्या गप्पांत सापडत नाही. उलट टोकाला 2018 सालचा ‘प्रोजेक्ट हॉस्पिटल’ हा चेक गेम. त्याचं गणित चोख आहे: लक्षणं लपलेली, प्रत्येक तपासणीनंतर संभाव्य रोगांची यादी आखडत जाते आणि घातक लक्षण वेळेत हाती लागलं नाही तर रुग्ण कोसळतो. पण तिथं रुग्ण तोंडच उघडत नाही. तो इस्पितळ चालवण्याचा खेळ आहे, रुग्ण त्यातली एक नोंद.

या दुखण्याचं मूळ बरंचसं ‘हाउस’ या अमेरिकी मालिकेत आहे असं मला वाटतं. 2004 ते 2012, एकूण 177 भाग. आर्थर कॉनन डॉइलने एडिंबरातल्या आपल्या जोसेफ बेल या सर्जन गुरूवरून शेरलॉक होम्स घडवला. मालिकेने होम्सवरून पुन्हा डॉक्टर घडवला आणि त्याच्या घराला 221बी हाच नंबर दिला. मालिका म्हणून ती बेफाम रंगते. पण तिने तीन खोडी मागे ठेवल्या: रोग नेहमी दुर्मीळ, डॉक्टर नेहमी उर्मट आणि रुग्ण नेहमी खोटारडा. ‘हाउस’वरच 2010 मध्ये गेमही निघाला, त्यात निदानाचे तुकडे करून त्यांचे फुटकळ मिनीगेम केले होते. त्यावर जास्त शाई घालवण्यात अर्थ नाही.

रहस्य बांधावं कसं हे शिकायचं तर मालिकेच्या बरंच मागे जावं लागतं. ‘न्यू यॉर्कर’मध्ये बर्टन रूशे वर्षानुवर्षं वैद्यकीय शोधकथा लिहीत असे. त्याची सगळ्यात गाजलेली कथा न्यूयॉर्कमध्ये 1944 साली खरोखर घडलेल्या प्रकाराची. अकरा म्हातारे, सगळे फाटके, एकेक करत इस्पितळात आले तेव्हा अंगाने निळे पडलेले होते. आधी संशय विषारी वायूचा. मग कळलं की सगळ्यांनी एकाच स्वस्त खाणावळीत ओटची लापशी खाल्ली होती. आचाऱ्याने मीठ समजून सोडियम नायट्राइट घातलं होतं. कोडं सुटलं म्हणावं तर नाही, कारण तीच लापशी त्या सकाळी पुष्कळांनी खाल्ली, निळे झाले फक्त अकरा. उत्तर टेबलावरच्या मीठदाणीत होतं. एका मीठदाणीतही मिठाऐवजी नायट्राइटच भरलं गेलं होतं. हे अकराही जण अट्टल दारुडे. तसल्यांच्या रक्तात मीठ कमी पडतं आणि ते गोड लापशीतही साखरेऐवजी वरून मीठ भुरभुरतात.

यात दुर्मीळ रोग नाही, चमत्कारिक यंत्र नाही. उत्तर पहिल्यापासून सर्वांसमोर टेबलावर ठेवलेलं. आणि खरा प्रश्न ‘हे कशानं झालं?’ हा नसून ‘यांनाच का झालं?’ हा आहे. हा दुसरा प्रश्न माणसांची सवय, परिस्थिती, गरिबी यांत शिरल्याशिवाय सुटत नाही, म्हणून तो व्हिज्युअल नॉव्हेलला नेमका मानवणारा आहे. एवढं असूनही आजचे गेम पहिल्या प्रश्नाशीच थांबतात.

दुसरी मोठी अडचण अंदाजपंचेची. पडद्यावर चार रोगांची नावं आली की खेळाडू एकेक दाबून बघतो, चौथं बरोबर निघतं. रहस्यगेमवाल्यांनी यावर बरंच डोकं चालवलेलं आहे. कॅपकॉमच्या ‘एस अटर्नी’ मालिकेत (पहिला भाग 2001) नुसतं उत्तर चालत नाही, साक्षीदाराच्या नेमक्या वाक्यावर नेमका पुरावा ठेवावा लागतो. लुकास पोपच्या ‘रिटर्न ऑफ द ओब्रा दिन’मध्ये (2018) जहाजावरच्या साठ माणसांचं काय झालं ते शोधायचं असतं, पण खेळ एकेका उत्तराला होकार देत नाही, तीन उत्तरं बिनचूक जमली की मगच तिघांवर शिक्कामोर्तब. ‘द केस ऑफ द गोल्डन आयडल’ (2022) दोन किंवा त्याहून कमी चुका उरल्या एवढंच सांगतो, कुठल्या ते नाही.

हे सगळे तोडगे उत्तम आहेत. वैद्यकीय गेम करणाऱ्यांनी ते उचलावेतच. ‘एस अटर्नी’ची रीत तर जशीच्या तशी लागू पडते: ‘थंडी वाजून ताप येतो’ या वाक्यावर मलेरियाची नोंद ठेवायची की नाही हे खेळाडूला सिद्ध करायला लावा. पण हे खून झालेल्या माणसांचे गेम आहेत. मेलेल्याच्या बाबतीत जे घडलं ते घडून गेलेलं असतं आणि उत्तर एकच असतं. ‘ट्रॉमा टीम’मध्येही नाओमी किमिशिमा या न्यायवैद्यक तज्ज्ञाचा भाग गेब्रिएलच्या भागाहून घट्ट विणलेला वाटतो, तो म्हणूनच. जिवंत रुग्णाचा रोग आज एक दिसतो, चार दिवसांनी दुसराच. डॉक्टरला बरोबर की चूक हे कळायला कधी आठवडे लागतात आणि कित्येकदा कळतच नाही, कारण गुण आला नाही की रुग्ण दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. पोपच्याच ‘पेपर्स, प्लीज’मध्ये (2013) सीमेवरचा अधिकारी चुकला की दंडाची चिठ्ठी तिथल्या तिथे बाहेर येते. डॉक्टरच्या गेममध्ये ती चिठ्ठी महिन्याने यायला हवी, तीही दुसऱ्या इस्पितळाच्या कागदावर, कधी मुळीच नाही. खेळाडू चिडेल. चिडू द्यावं.

आता स्किपच्या बटणाचं. जवळपास प्रत्येक व्हिज्युअल नॉव्हेलमध्ये ते असतं. दाबलं की मजकूर भराभरा पुढे पळतो. 1984 साली बेकमन आणि फ्रँकेल या दोघांनी डॉक्टर-रुग्ण संवादांची ध्वनिमुद्रणं तपासली तेव्हा असं दिसलं की रुग्णाने तक्रार सांगायला सुरुवात केल्यापासून सरासरी 18 सेकंदांत डॉक्टर त्याला तोडतो. हे वाचल्यावर माझ्या डोळ्यांपुढे ते बटणच आलं. या प्रकारातल्या खेळाडूला अधीरपणाची सोय आयती दिलेली आहे आणि अजून कुणी तिचा गेमच्या आत उपयोग केलेला माझ्या पाहण्यात नाही. स्किप दाबलं की रुग्ण खरोखरच गप्प व्हावा. पुढचं वाक्य, जे तो बोलणार होता, ते त्या भेटीपुरतं नाहीसं व्हावं आणि मागचा संवाद दाखवणाऱ्या यादीतही मिळू नये. दाबलं नाही तर शेजारणीच्या लग्नाची रटाळ हकिगत ऐकावी लागेल आणि तिच्यात कामाचं काही नसेलही. बाहेर तीस नंबर खोळंबलेले. हा पेच कुठल्याही सीटी स्कॅनपेक्षा जास्त खेळण्यासारखा आहे. अट एकच: निवडीआधी सेव्ह करून मागे फिरायची मुभा काढून घ्यायची. ती ठेवली की सगळं मुसळ केरात.

असा गेम कसा दिसेल याचं एक उदाहरण आपल्याच सीमेवरचं घेतो. 1957 साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या रानात माकडं पटापट मरू लागली, मग माणसं तापाने फणफणू लागली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या, म्हणजे आजच्या एनआयव्हीतल्या, शास्त्रज्ञांनी विषाणू वेगळा केला. तो गोचिडांतून पसरतो हेही सिद्ध झालं. पुढे तोच माकडताप 2015 मध्ये गोव्याच्या सत्तरीत आणि 2016 मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात दिसला. काजूच्या हंगामात रानात वाकून बोंडं गोळा करणारी माणसं त्याच्या तावडीत सापडली.

समजा खेळाडू दोडामार्ग तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातला नवा डॉक्टर आहे. महिना मार्च. समोर बाकावर एक गडी बसलाय, डोळे लाल. “डॉक्टर, तीन दीस ताप उतरना नाय. आंग मोडता.” डोकं फुटेल इतकं दुखतंय. यातलं एकेक लक्षण डेंग्यूचं असू शकतं, मलेरियाचंही, लेप्टोचंही. रक्त काढून पुण्याला पाठवायचं तर उत्तर यायला दिवस लागणार आणि तालुक्यात तापाचे रुग्ण पन्नास, कुणाकुणाचं पाठवणार? एकच प्रश्न गुंता सोडवतो: रानात मेलेलं माकड दिसलं का? पण हा प्रश्न पर्यायांच्या यादीत आयता ठेवला की मजा गेली. खेळाडूने आधी माणूस कुठे कामाला जातो हे विचारलेलं असावं, बाजारात माकडाबद्दलची कुजबुज त्याने कानाआड केलेली नसावी, तेव्हाच तो पर्याय उमटावा. आणि गडी कदाचित नाहीच म्हणेल. वनखात्याच्या हद्दीत शिरल्याचं कुणी आपण होऊन कशाला सांगेल? आणखी एक मेख रोगातच आहे. काहींचा ताप उतरतो, माणूस घरी जातो आणि आठ-पंधरा दिवसांनी तो उलटतो, या वेळी मान ताठ होते, हात कापतात. पहिल्या फेरीत ‘बरा झाला’ असं लिहून मोकळा झालेला खेळाडू दुसऱ्या फेरीत स्वतःचंच अक्षर वाचेल.

रुग्णाचं बोलणं त्याच्याच बोलीत लिहिता यायला हवं. आधी ती साधी तांत्रिक अडचण होती. व्हिज्युअल नॉव्हेल बनवायचं सर्वांत रुळलेलं साधन म्हणजे टॉम रॉथमेलने 2004 साली काढलेलं, फुकट मिळणारं रेनपाय. त्यात देवनागरी टाकली की पहिली वेलांटी अक्षर सोडून भलतीकडे बसायची, जोडाक्षरांचे तुकडे व्हायचे. 2023 पासूनच्या आवृत्त्यांत ते निस्तरलं आहे, म्हणजे ती सबब आता राहिली नाही.

राहता राहिली रोगांची हाव. नव्या गेमची जाहिरात ‘शंभर आजार’ अशी होते तेव्हा मला धास्ती वाटते. शंभर आजार म्हणजे शंभर कुलपं आणि शंभर किल्ल्या, आणि तेवढे रुग्ण जिवंत करायला लागणारं लेखन कुणाकडून होणार? टापांचा आवाज आला तर आधी घोडा आठवावा, झेब्रा नव्हे, असं वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना बजावतात. गेम करणाऱ्यांनी झेब्र्यांचा कळपच पाळलाय. सुरुवात करणाऱ्याने चारच रुग्ण घ्यावेत. प्रत्येकाला तीनदा दवाखान्यात येऊ द्यावं आणि चौघांतला एक नुसत्या सर्दीतापाचा ठेवावा, त्याला कुठलीही तपासणी न करता घरी पाठवायचं की नाही हे खेळाडूवर सोडून.