लीळाचरित्राचे नवे वाचन : संहितेकडून समाजाकडे

महानुभाव वाङ्मयाच्या संशोधनात वऱ्हाडचे स्थान केवळ भौगोलिक नाही. म्हाइंभटाने चक्रधरस्वामींच्या आठवणी जमवून लीळाचरित्र सिद्ध केले ते रिद्धपूर अमरावती जिल्ह्यातच आहे. राजापेठेतून सकाळी निघालेला अभ्यासक दुपारच्या आत तेथे पोहोचतो. वि. ल. भावे, य. खु. देशपांडे, वि. भि. कोलते आदींनी सांकेतिक लिपीत बंद असलेले हे वाङ्मय अभ्यासकांसमोर आणले. या परंपरेपुढील कळीचा प्रश्न संहितेचा होता : मूळ पाठ कोणता? कोलते यांनी संपादिलेले लीळाचरित्र (१९७८) हे तिचे फलित होय.

ख्रिश्चन ली नोव्हेट्झके यांच्या 'द कोटिडियन रेव्होल्यूशन' (२०१६) या इंग्रजी ग्रंथाने प्रश्नच बदलला. देशी भाषांच्या वाङ्मयीन उदयाचे श्रेय शेल्डन पोलॉक यांनी प्रामुख्याने राजदरबाराला दिले होते. नोव्हेट्झके त्याविरुद्ध मराठीचे उदाहरण उभे करतात. यादवांचा आश्रय मुख्यतः ब्राह्मणी, संस्कृत विद्येला होता. मराठी वाङ्मय मात्र दरबाराबाहेर, रोजच्या जगण्याविषयी बोलता बोलता आकारास आले. जात व लिंगभेद यांची चर्चा या भाषेत सुरू झाली, समता मात्र आली नाही, हे त्यांचे प्रतिपादन संयत आहे आणि पटणारेही. मराठी समीक्षेत 'लोकाभिमुख' हा शब्द इतका सैल झाला आहे की त्याची अशी काटेकोर तपासणी कुणीतरी करणे आवश्यकच होते.

तथापि जुना प्रश्न यामुळे निकालात निघत नाही. मूळ लीळाचरित्र स्वारीच्या धामधुमीत नष्ट झाले व पुढे ते स्मरणातून पुन्हा उभे केले गेले, असे परंपराच सांगते. तेराव्या शतकातील दैनंदिन जीवनाचा साक्षीदार म्हणून जी लीळा पुढे येते, ती नंतरच्या पिढीच्या स्मरणातून गाळून आलेली असू शकते. भाषेच्या निवडीबाबतही हेच. संस्कृतात ग्रंथरचना झाली तर आपल्या म्हाताऱ्या साधक स्त्रिया वंचित होतील, म्हणून नागदेवाचार्यांनी केशोबासांना रोखले, हा प्रसंग स्मृतिस्थळातील आहे. आणि स्मृतिस्थळ हा नागदेवाचार्यांच्या पश्चात सिद्ध झालेला ग्रंथ आहे.

याहून अवघड मुद्दा लिपीचा. ज्या पंथाने सामान्यांसाठी मराठी निवडली, त्यानेच चौदाव्या शतकापासून आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंदिस्त केले. भाषा सर्वांची, पण अक्षर मोजक्यांचे! दरबाराबाहेरचे हे विश्व पुढे मठाच्या भिंतीआड गेले असेल, तर तेथे सार्वजनिक चर्चा कितपत उरली, याचा विचार नोव्हेट्झके यांच्या संकल्पनेला पुढे नेणाऱ्या अभ्यासकाने करावयास हवा. अशा विचारासाठी सकळ लिपी वाचता येणे आणि एकाच लीळेचे निरनिराळे पाठ शेजारी ठेवून पाहणे अपरिहार्य आहे. कोलते यांच्या पिढीकडे ते कौशल्य होते. आजच्या एम.ए. मराठीच्या वर्गात पोथीवाचन अभावानेच शिकवले जाते. रिद्धपूर येथे २०२४ मध्ये सुरू झालेल्या मराठी भाषा विद्यापीठाकडून पहिली अपेक्षा आहे ती याच अभ्यासक्रमाची.