फिफ्टी वन पॉइंट एट

मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात किंवा कुठल्याही शहरातल्या कॅमेऱ्याच्या दुकानात ‘फिफ्टी वन पॉइंट एट’ एवढंच म्हटलं की काउंटरवर एक छोटं खोकं येतं. आत मुठीत मावणारी लेन्स असते. कॅननची असेल तर वजन १६० ग्रॅम, निकॉनची असेल तर १८५. तिला झूम नाही आणि हाताची थरथर थोपवणारी यंत्रणाही नाही. शेजारच्या लांबलचक झूम लेन्सपुढे ती किरकोळ वाटते. पहिला डीएसएलआर घ्यायला आलेला माणूस तिच्यावर एक नजर टाकतो आणि बॉडीच्या मेगापिक्सेलची चौकशी करू लागतो. माझा सल्ला याच्या उलट आहे. ज्याला दिवेलागणीनंतरचे फोटो काढायचे आहेत, त्यानं आधी ही लेन्स हातात घ्यावी आणि मग तिला साजेशी बॉडी शोधावी.

ही लेन्स वाचायची तर तिच्या नावापासूनच सुरुवात करावी लागते, कारण तिचे सगळे गुण त्या दोन आकड्यांत आहेत. पन्नास म्हणजे मिलिमीटरमधलं नाभीय अंतर. एक पॉइंट आठ म्हणजे पन्नासला किती आकड्यानं भागलं की अ‍ॅपर्चरचा व्यास मिळतो, तो आकडा; अ‍ॅपर्चर म्हणजे उजेड आत घेणारं छिद्र. पन्नास भागिले १.८ म्हणजे जवळजवळ २८ मिलिमीटर. कॅमेऱ्याबरोबर येणारी १८-५५ची किट लेन्स लांब टोकाला एफ/५.६पर्यंतच उघडते, म्हणजे तिथे तिचा व्यास दहा मिलिमीटरच्या आसपास असतो. सेन्सरवर पडणारा उजेड या एफ-आकड्याच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असल्यानं दोन लेन्समधली तफावत जवळपास दहा पट होते. किट लेन्सला जिथे सेकंदाचा दहावा भाग लागतो, तिथे हिला शंभरावा पुरतो. एक दशांश सेकंदात माणसाचा हात हलतो, पापणी मिटते, ओठ शब्द उच्चारून मोकळे होतात. एक शतांश सेकंदात यातलं बरंचसं जागच्या जागी थांबतं. कमी उजेडातल्या फोटोग्राफीचं निम्मं गणित इथेच सुटतं.

आता तिची घडण पाहू. कॅननच्या लेन्समध्ये पाच गटांत सहा भिंगं आहेत. अ‍ॅपर्चरच्या पडद्याच्या पुढे काही, मागे काही, आणि दोन्हीकडच्या अंतर्वक्र बाजू एकमेकींकडे तोंड करून. ही मांडणी जुनी आहे. १८९६मध्ये त्साइस कंपनीत पाउल रुडोल्फ यांनी ‘प्लॅनार’ नावाची सहा भिंगांची सममित लेन्स आखली, तिच्याच घराण्यातली ही. सममितीचा फायदा असा की पुढच्या अर्ध्यानं केलेल्या कित्येक चुका मागचा अर्धा निस्तरतो. सरळ रेषा वाकत नाहीत, कडेला रंग फारसे फुटत नाहीत. पण त्या काळी अशा रचनेत एक मोठी अडचण होती. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो. पाच गट म्हणजे हवेला भिडणारे दहा पृष्ठभाग, आणि असे दहा पृष्ठभाग ओलांडताना एक तृतीयांश उजेड वाटेतच हरवतो. हरवतो एवढंच नाही, तर त्यातला काही आतल्या आत आपटून चित्रावर धुकं पसरवतो. १९३५मध्ये त्साइसमध्येच अलेक्झांडर स्माकुला यांनी परावर्तन रोखणारा लेप शोधला आणि या घराण्याचे दिवस पालटले. लेन्स तिरकी धरल्यावर काचेवर दिसणारी जांभळी-हिरवट झाक ही त्या लेपाची खूण.

ती स्वस्त कशी, याचं उत्तरही घडणीतच आहे. एसएलआरमध्ये लेन्स आणि सेन्सर यांच्यामध्ये आरसा वर-खाली होतो, म्हणून लेन्सला थोडं दूर बसावं लागतं. कॅननमध्ये माउंटपासून सेन्सरपर्यंत ४४ मिलिमीटर, निकॉनमध्ये ४६.५. पन्नासच्या आसपासच्या लेन्सला या अंतराचा त्रास होत नाही. त्याहून रुंद कोनाच्या लेन्सला मात्र आरसा चुकवण्यासाठी वाकडी वाट घ्यावी लागते आणि भिंगं वाढतात. म्हणून पन्नासची रचना सुटसुटीत राहते, ती वर्षानुवर्षं घोटली गेली आहे आणि भरपूर संख्येनं बनते. कमी किमतीत इतकी चांगली काच मिळते ती यामुळे.

अंधारात, आहे त्या उजेडात माणसं टिपण्याची ओढ मात्र डिजिटलच्या कितीतरी आधीची. १९२०च्या दशकात जर्मनीत लुडविग बेर्टेले यांनी एर्नोस्टार ही लेन्स आखली. ती एफ/२ आणि पुढे एफ/१.८पर्यंत उघडत होती. ती बसवलेला एर्मानॉक्स कॅमेरा घेऊन एरिक सालोमोन न्यायालयांत आणि राजनैतिक बैठकांत शिरले, आणि फ्लॅशच्या पावडरीचा भपका न उडवता, समोरच्याला सावध न करता मुत्सद्द्यांचे चेहरे टिपून आले. पुढे १९७५च्या ‘बॅरी लिंडन’ चित्रपटात स्टॅन्ली कुब्रिक आणि छायालेखक जॉन ऑल्कॉट यांनी मेणबत्त्यांच्या उजेडातली दृश्यं टिपली, तीही पन्नास मिलिमीटरच्याच त्साइस प्लॅनारवर. तिचं अ‍ॅपर्चर एफ/०.७ होतं आणि ती मुळात नासासाठी बनवली होती. ऑल्कॉट यांना या चित्रपटासाठी ऑस्कर मिळालं. आज कॉलेजातल्या मुलाच्या कॅमेऱ्यावर बसणारी पन्नासची लेन्स त्याच घराण्यातली आहे, आणि सालोमोन यांच्या हातात होतं तितकंच मोठं अ‍ॅपर्चर तिच्याकडे आहे.

तिचा खरा रस फोटोतच कळतो. तळकोकणात जत्रांचा हंगाम सुरू झाला की देवळाच्या आवारात रात्रभर दशावतार रंगतो. प्रयोगापूर्वीचा रंगपट डोळ्यांसमोर आणा. भिंतीला टेकवलेली पत्र्याची ट्रंक, तिच्यावर हातभर आरसा, बाजूला लोंबणारा एक पिवळा बल्ब. स्त्रीपार्टी नट स्वतःच स्वतःचा चेहरा रंगवतो आहे. पांढरट-गुलाबी लेप वाळला आहे आणि काडीच्या टोकानं भुवई कोरायचं काम चाललं आहे. फ्लॅश मारला तर हे सगळं नाहीसं होईल. बल्बचा पिवळेपणा जाईल, गालाच्या एका बाजूची सावली जाईल, मागच्या भिंतीवर काळी कड उमटेल आणि नटाचा हात दचकेल. त्याऐवजी पन्नासची लेन्स एफ/१.८वर, आयएसओ १६००, शटर एक शतांश.

या चौकटीत काय दिसतं? दीड मीटरवरून, लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात एफ/१.८ला स्पष्ट दिसणारा पट्टा सहा सेंटिमीटरच्या आसपास असतो. डोळ्यावर फोकस केला तर भुवई, काडीचं टोक, बोटांची पेरं लख्ख येतात. डोळ्यापासून कान याहून लांब, म्हणून कानातलं कुडं मऊ होतं. मागे खुंटीला टांगलेला मुकुट आपली रेघ सोडून सोनेरी डाग होतो. चेहऱ्याच्या उजळ बाजूकडून अंधाऱ्या बाजूकडे उतरणारी छटा हळूहळू बदलते आणि रंगाच्या लेपाखालची खरी कातडी मानेपाशी जिथे सुरू होते, ती सीमाही दिसते. पुरुषाच्या चेहऱ्यावर चढत असलेली स्त्री त्या एका सीमेवर उभी आहे. किट लेन्सवर याच जागी शटर एक दशांशाला उतरतं. थरथर थोपवणारी यंत्रणा आपला हात सावरेल, पण नटाचा नाही. काडी फराटा होते, आणि ज्या क्षणासाठी फोटो काढायचा तोच पुसट होतो.

याच दृश्यात आरसा आहे, आणि तिथे ही लेन्स फोटो काढणाऱ्याला प्रश्न विचारते. आरशातल्या चेहऱ्याचं अंतर म्हणजे आपल्यापासून आरशापर्यंतचं आणि आरशापासून नटापर्यंतचं, दोन्ही मिळून. त्यामुळे खरा चेहरा आणि प्रतिबिंब एकाच वेळी स्पष्ट येणार नाहीत. एक निवडावा लागतो. नटावर फोकस केला तर फोटो कामात गुंतलेल्या माणसाचा होतो. प्रतिबिंबावर केला तर तो घडत असलेल्या पात्राचा होतो, आणि माणूस पुढ्यात धूसर पाठमोरा राहतो. मोबाइलमध्ये सहसा दोन्ही स्पष्ट येतात आणि हा विचार करायची वेळच येत नाही. मला या लेन्सचा सर्वांत मोठा गुण हाच वाटतो. उजेड तर ती देतेच, शिवाय काय महत्त्वाचं हे ठरवल्याशिवाय ती चांगला फोटो देत नाही. शिकणाऱ्यासाठी याहून चांगली शिस्त नाही.

रंगमंचावर तिची दुसरी परीक्षा होते. पाठीमागे काळोख आणि मध्ये उजळलेला चेहरा. कॅमेऱ्याचा मीटर सगळ्या चौकटीची सरासरी काढून काळोख करडा करायला बघतो आणि चेहरा पांढराफटक करतो. इथे एक्सपोजर एक-दीड स्टॉप खाली आणायचं (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट) किंवा स्पॉट मीटरिंग वापरून चेहऱ्यापुरताच उजेड मोजायचा. फाइल रॉ ठेवायची, म्हणजे पिवळेपणा किती राखायचा हे घरी शांतपणे ठरवता येतं. आयएसओ वाढवायला कचरू नये. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही.

दोषही रसिकानंच सांगावेत. पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला कोपरे मंद असतात, चमकत्या धातूच्या कडेला जांभळी किनार येते, आणि एफ/२.८ला आल्यावर जी कडक स्पष्टता दिसते ती १.८ला नसते. कॅननचं १९९०चं जुनं रूप वापरलेल्या बाजारात स्वस्तात अजून मिळतं. त्याचा माउंट प्लास्टिकचा, मोटर कुरकुरणारी आणि अ‍ॅपर्चरला पाचच पाती, त्यामुळे अ‍ॅपर्चर थोडं मिटलं की मागचे दिवे पंचकोनी दिसतात. २०१५च्या एसटीएम रूपात माउंट धातूचा झाला, पाती गोलसर सात झाली, आणि फोकसचं किमान अंतर ४५ सेंटिमीटरवरून ३५वर आलं. नवं रूपच घ्यावं. १.४ची लेन्स दीड पटीहून थोडा अधिक उजेड देते, पण त्यासाठी बरेच जास्त पैसे मोजावे लागतात. पहिल्या खरेदीत ते शहाणपणाचं नाही.

एक खरी मर्यादा मात्र समजून घ्यायला हवी. बहुतेक पहिल्या कॅमेऱ्यांचा सेन्सर एपीएस-सी, म्हणजे लहान असतो. त्यावर पन्नासची नजर आकसते आणि निकॉनवर ती ७५सारखी, कॅननवर ८०सारखी दिसते. चेहऱ्याला, रंगमंचाला हे उत्तम. पण घरातल्या गणपतीची आरती, दहा बाय दहाच्या खोलीतलं बारसं टिपायचं तर पाठ भिंतीला लागते. अशा कामासाठी निकॉनची डीएक्स ३५ एफ/१.८ ही २००९पासूनची लेन्स आहे. वजन २०० ग्रॅम, भिंगं आठ, आणि नजर जवळपास माणसाच्या सहज नजरेइतकी. घरातली माणसं हा ज्याचा विषय आहे त्यानं ३५ घ्यावी, मंच हा ज्याचा विषय आहे त्यानं ५०.

आता बॉडी. मोठ्या फुल-फ्रेम सेन्सरचा क्षेत्रफळात दुपटीहून अधिक फायदा आहे, म्हणजे एक स्टॉपपेक्षा थोडा जास्त. किट लेन्सवरून १.८वर आल्यावर मिळतात ते तीन स्टॉपहून जास्त. हा हिशेब डोक्यात ठेवला की पैसे कुठे घालायचे हे आपसूक कळतं. बॉडीत मेगापिक्सेलपेक्षा ऑटोफोकस किती अंधारात चालतो ते बघावं; हे ईव्ही या उजेडाच्या मापात सांगतात. कॅनन १५००डी शून्य ईव्हीपर्यंत, निकॉन डी३५०० आणि डी५६०० उणे एकपर्यंत, निकॉन डी७२०० उणे तीनपर्यंत. प्रत्येक पायरीला उजेड निम्मा होतो, म्हणजे डी७२०० ही डी५६००च्या एक चतुर्थांश उजेडातही फोकस धरू शकते. तिच्यात फोकसची मोटर बॉडीतच असल्यानं जुन्या एएफ-डी लेन्सही चालतात. डी३५०० आणि डी५६००वर त्या हातानं फिरवाव्या लागतात, म्हणून तिथे लेन्सवर ‘एएफ-एस’ किंवा ‘एएफ-पी’ लिहिलेलं आहे ना हे बघून घ्यावं.

कंपन्यांचा ओढा आता मिररलेसकडे आहे, त्यामुळे चांगल्या डीएसएलआर बॉडी वापरलेल्या बाजारात येतात. तिथे शटर काउंट विचारावा. लेन्स उघड्या अ‍ॅपर्चरला उजेडाकडे धरून आत फंगसचे धागे दिसतात का ते पाहावं. कोकणातल्या पावसाळ्यात राहिलेल्या लेन्सबाबत तर हे आवर्जून करावं. आपलीही लेन्स पावसाळ्यात सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात ठेवावी.

दुकानात गेलात की कॅमेरा शोकेसच्या झगमगाटाकडे रोखू नका. काउंटरखालच्या अंधाऱ्या कोपऱ्याकडे रोखा, दुकानदाराच्या परवानगीनं त्याचाच चेहरा टिपा, आणि पडद्यावर डोळ्यांपर्यंत मोठा करून बघा. पैसे बेताचे असतील तर वापरलेली एपीएस-सी बॉडी आणि नवी १.८ची लेन्स घ्या. महागड्या बॉडीवर किट लेन्स लावण्यापेक्षा अंधारात ही जोडी नक्कीच सरस ठरते.