परतपत्रांची भाषा

धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे संत गोरोबाकाकांनी घेतलेल्या परीक्षेची आख्यायिका सर्वश्रुत आहे. मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून त्यांनी जमलेल्या संतांच्या मस्तकांवर थापटणे मारून पाहिले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरविले. तो निर्णय ज्याचा त्यालाच, तेथल्या तेथे ऐकविला गेला. ईमेलच्या सर्व्हरवरून, न पोचलेल्या पत्रांविषयी, जी परतपत्रे निघतात त्यांचे मूल्यमापन करताना हीच कसोटी उपयोगी पडते.

रचनेच्या दृष्टीने परतपत्र उणे नाही. २००३ च्या मानकानुसार त्यात प्रथम माणसासाठी खुलासा, नंतर यंत्रासाठी संकेतांक आणि शेवटी, ठेवल्यास, मूळ पत्र असते. ‘५.१.१’ म्हणजे त्या पत्त्याची पेटीच नाही. आरंभी ४ असल्यास अडचण तात्पुरती. परतपत्रावर प्रेषकाची जागा रिकामी सोडण्याची १९८२ ची तरतूद तर फारच मार्मिक होय. त्यामुळे परतपत्राचे परतपत्र निघत नाही व दोन यंत्रांचा अखंड संवाद टळतो.

दोष आहे तो वेळेचा. स्पॅम धाडणारा प्रेषक म्हणून बहुधा परक्याचाच पत्ता घालतो. सर्व्हरने असे पत्र आधी स्वीकारले आणि मागाहून परत केले, की ज्याने एक ओळही लिहिली नाही त्याच्या पेटीत नकारांचा ढीग साचतो. आणि त्या ढिगात खरे परतपत्रही न वाचताच पुसले जाते. स्वीकारलेले पत्र गुपचूप नष्ट करणे हा उपाय त्याहून वाईट, कारण चुकून स्पॅम ठरलेले खरे पत्र पोचले असेच लिहिणारा समजत राहतो. नकार दारातच, पत्र हाती घेण्यापूर्वी दिला, तर तो पाठविणाऱ्या यंत्रालाच मिळतो, आणि प्रामाणिक प्रेषकाला त्याचाच सर्व्हर तसे कळवितो.

२०२३ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले. नावाबरोबर एखाद्या कचेरीचा पत्ता बदलला आणि जुनी पेटी बंद झाली, तर परांड्याच्या अर्जदाराला ते कळण्याचे साधन हे परतपत्रच. त्यातील खुलासा मात्र बहुधा इंग्रजीत, आणि तोही यंत्रशाळेच्या इंग्रजीत असतो. वस्तुतः तो कोणत्याही भाषेत लिहिण्यास मानकाची मोकळीक आहे. तेव्हा मराठीची येथील अनुपस्थिती ही निव्वळ अनास्था म्हणावी लागते. इतकेच नव्हे, तर १९८२ च्याच नियमांत ‘५५१’ हा संकेतांक नकाराबरोबर नवा पत्ता सांगण्यासाठी दिलेला आहे. व्यवहारात तो क्वचितच आढळतो.