पहिल्या पराभवाची मीमांसा : प्रेक्षक, खेळ आणि टीकेचा निकष

१

राष्ट्रीय फुटबॉल संघाने विश्वचषक स्पर्धेतील पहिलाच सामना गमावला, की त्याच्या चाहत्यांमध्ये जो वाद पेटतो, त्याकडे सामान्यतः क्षणिक प्रक्षोभ म्हणून पाहिले जाते. प्रक्षोभ ओसरला की वादही विस्मरणात जातो. वस्तुतः या वादात कारणमीमांसा असते, तुलना असते, मूल्यनिर्णय असतो आणि भविष्यकथनही असते. साहित्यकृतीविषयी टीकाकार जे करतो, तेच बहुतांशी येथे चाहता करीत असतो. भेद इतकाच, की टीकाकारासमोर बहुधा पूर्ण झालेली कृती असते, तर पहिल्या सामन्यानंतर बोलणाऱ्या चाहत्यासमोर कृतीचा केवळ आरंभ असतो.

अपूर्ण कृतीविषयी केलेल्या विधानांना टीकेचे मूल्य कितपत असू शकते, आणि ती कृती पूर्ण झाल्यावर त्या विधानांचे खरेखोटेपण तिच्या शेवटावरून ठरवावे काय, हे दोन प्रश्न येथे विचारार्थ घेतले आहेत. त्यासाठी तीन उदाहरणे पुरेशी आहेत : २०१० मधील स्पेन, २०१८ मधील जर्मनी आणि २०२२ मधील अर्जेंटिना. तिन्ही संघ स्पर्धेपूर्वी संभाव्य विजेत्यांत गणले जात होते. तिघांनीही पहिला सामना एका गोलाच्या फरकाने गमावला. त्यांपैकी दोन संघ विश्वविजेते झाले. तिसरा पहिल्याच फेरीत बाद झाला.

२

नाट्यशास्त्राने कथानकाचे मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण असे पाच संधी सांगितले आहेत. मुखसंधीत बीज पेरले जाते. त्याचे फळ कोणते, हे निर्वहणात कळते. या परिभाषेत बोलावयाचे, तर पराभूत संघाचा चाहता मुखसंधीलाच निर्वहण समजतो. हा आक्षेप वरवर बिनतोड दिसतो. तथापि तो पूर्णपणे न्याय्य नाही. या तिन्ही स्पर्धांत प्रत्येक गटात चार संघ होते, प्रत्येकास तीनच साखळी सामने मिळत आणि पहिले दोन संघ पुढे जात. अशा रचनेत पहिला सामना गमावणाऱ्यास सावरण्यासाठी दोनच सामने उरतात. नाटकाच्या प्रेक्षकास पाचव्या अंकाची खात्री असते. चाहत्यास ती नसते. त्याची घाई ही त्याच्या स्वभावाइतकीच स्पर्धेच्या रचनेतूनही येते.

याहून गंभीर अडचण दुसरी आहे. रसास्वादात येणाऱ्या विघ्नांची चर्चा करताना अभिनवगुप्ताने ‘हे माझे’ किंवा ‘हे परक्याचे’ या भावनेत प्रेक्षक अडकून पडणे, हे एक विघ्न मानले आहे. रसिकाने जे टाळावयाचे, तेच चाहत्याच्या अस्तित्वाचे मूळ आहे. ‘हा संघ माझा’ ही भावना वजा केली तर चाहता उरतच नाही. म्हणून त्याच्याकडून रसिकाच्या तटस्थतेची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. प्रश्न एवढाच विचारता येतो, की ही आत्मीयता त्याची दृष्टी खेळाकडे अधिक बारकाईने वळविते, की खेळावरून उडवून अन्यत्र नेते.

३

२००८ मध्ये युरोपचे अजिंक्यपद मिळविलेल्या स्पेनला १६ जून २०१० रोजी दरबान येथे स्वित्झर्लंडने १-० असे हरविले. एकमेव गोल ५२ व्या मिनिटास गेल्सन फर्नांडिस यांनी केला. चेंडू बहुतेक वेळ स्पेनच्याच ताब्यात होता. झाबी अलोन्सो यांचा एक जोरकस फटका गोलखांबांवरच्या आडव्या दांडीवर आदळून परतला. त्यानंतर स्पेनमध्ये जो वाद झाला त्याचे केंद्र मधल्या फळीत होते. प्रशिक्षक व्हिसेंते देल बोस्के यांनी बचावफळीपुढे सर्जिओ बुस्केट्स आणि अलोन्सो अशा दोन खेळाडूंची योजना केली होती. २००८ च्या संघात ते काम प्रामुख्याने मार्कोस सेन्ना एकटे करीत. तेव्हा, एक खेळाडू अकारण मागे अडकल्याने आक्रमणाची धार गेली, असे टीकाकारांचे म्हणणे होते. २००८ च्या विजेत्या संघाचे प्रशिक्षक लुईस आरागोनेस यांनीही संघाच्या खेळावर जाहीर टीका केली.

देल बोस्के यांनी ही योजना सोडली नाही. अंतिम सामन्यापर्यंत ती जोडी कायम राहिली आणि ११ जुलै रोजी जोहान्सबर्ग येथे, जादा वेळेत, ११६ व्या मिनिटास आंद्रेस इनिएस्ता यांनी केलेल्या गोलाने नेदरलँड्सला हरवून स्पेन विश्वविजेता झाला. पहिला सामना हरून विश्वचषक जिंकणारा तो पहिला संघ. चषक हाती आल्यावर आधीची सर्व टीका खोटी ठरली, असा समज रूढ झाला.

हा समज तपासून पाहणे अगत्याचे आहे. स्पेनने सात सामन्यांत केवळ आठ गोल केले; तोवरच्या कोणत्याही विजेत्याने इतके कमी गोल केले नव्हते. बाद फेरीतील चारही सामने त्याने १-० अशाच फरकाने जिंकले. चेंडूवरील प्रभुत्वाच्या मानाने गोल कमी होतात, हे पहिल्या दिवसाचे निरीक्षण अखेरच्या दिवसापर्यंत खरेच होते. चुकला तो त्या निरीक्षणावरून काढलेला निष्कर्ष, की असा संघ जिंकू शकणार नाही. ज्या रचनेने आक्रमण मंदावले, तिनेच प्रतिस्पर्ध्यांना चेंडूपासून दूर ठेवले. बाद फेरीत स्पेनवर एकही गोल झाला नाही. म्हणजे टीकाकारांनी गुणाची किंमत अचूक मोजली, परंतु त्या किमतीत काय मिळाले याचा हिशेब केला नाही. विजयाने त्यांचे निरीक्षण खोडले गेले नाही. केवळ त्यांचे भाकीत खोडले गेले.

४

जर्मनीचे उदाहरण याच्या उलट बाजूने उद्बोधक आहे. २०१४ च्या विश्वविजेत्या जर्मनीला १७ जून २०१८ रोजी मॉस्को येथे मेक्सिकोने १-० असे हरविले. ३५ व्या मिनिटास झालेल्या प्रतिहल्ल्यात हिर्विंग लोझानो डाव्या बगलेने धावत आले, आडव्या आलेल्या खेळाडूस चुकवून आत वळले आणि त्यांनी गोल केला. चुकविला गेलेला तो खेळाडू मेसूत ओझिल होता.

या एकाच दृश्याचे दोन अर्थ लावता येत होते. ओझिल यांच्याकडून प्रतिस्पर्धी सुटला, हा एक. बचाव हे ज्याचे मुख्य काम नाही, अशा आघाडीच्या खेळाडूवर स्वतःच्या गोलासमोर प्रतिस्पर्ध्यास अडविण्याची पाळी का यावी, हा दुसरा. दुसरा प्रश्न विचारला की दृष्टी उजव्या बगलेचे बचावपटू योशुआ किमिख यांच्या रिकाम्या जागेकडे आणि चेंडू गमावताच उघड्या पडणाऱ्या मधल्या फळीकडे जाते. बचावपटू माट्स हुमेल्स यांनी सामन्यानंतर नेमके हेच सांगितले : सात-आठ खेळाडू एकदम चढाईवर गेले, तर मागे आधार राहत नाही. या स्पर्धेसंबंधी झालेल्या चर्चेतील अत्यंत मौलिक अशा विधानांत याची गणना करावी लागेल. ते खेळाविषयी आहे, तपासता येण्याजोगे आहे आणि ते करणारा स्वतः त्या दोषाचा भागीदार आहे.

तथापि वादाचा मोठा प्रवाह दुसऱ्याच दिशेने वाहिला. मे २०१८ मध्ये ओझिल आणि इल्काय गुंडोआन यांनी लंडन येथे तुर्कस्तानचे राष्ट्राध्यक्ष एर्दोआन यांच्यासमवेत छायाचित्र काढून घेतले होते. दोघांचाही जन्म जर्मनीतील गेल्सनकिर्शेन येथला, कुटुंबे मूळची तुर्की. ८ जून रोजी, म्हणजे स्पर्धेपूर्वीच, लेव्हरकुझेन येथील सराव सामन्यात गुंडोआन यांची प्रेक्षकांनी हुर्यो उडविली होती. त्या छायाचित्राविषयी राजकीय मतभेद असणे गैर नव्हते. परंतु मेक्सिकोच्या प्रतिहल्ल्याचे ते कारण होऊ शकत नाही. येथे कारण कार्यापूर्वीच तयार होते. पराभव हे त्याला केवळ निमित्त मिळाले. ज्यांच्या मनात आरोप आधीपासून होता, त्यांना लोझानो यांच्या गोलात पुरावा दिसला.

पुढे जर्मनीने स्वीडनला टोनी क्रूस यांच्या ९५ व्या मिनिटातील गोलाने २-१ असे हरविले. त्या सामन्यात ओझिल यांना वगळण्यात आले होते. २७ जून रोजी कझान येथे ते पुन्हा संघात आले आणि दक्षिण कोरियाने भरपाईच्या वेळेत दोन गोल करून जर्मनीला गटात तळाला ढकलले. १९३८ नंतर प्रथमच जर्मन संघ पहिल्या फेरीत बाद झाला. २२ जुलै रोजी ओझिल यांनी राष्ट्रीय संघाचा त्याग केला. विजयात आपल्याला जर्मन समजले जाते आणि पराभवात परका, अशा आशयाची व्यथा त्यांच्या निवेदनात होती. वंशद्वेषाचा आरोप जर्मन फुटबॉल संघटनेने फेटाळला.

या निवेदनाचे समीक्षेच्या दृष्टीने महत्त्व असे, की टीकेचा विषय बदलत गेल्याची प्रक्रिया त्यातून स्पष्ट होते. ‘अमुक खेळाडू आज मंद खेळला’ हे विधान कृतीविषयी आहे. ‘त्याच्यात जिद्द नाही’ हे कर्त्याविषयी आहे. ‘तो आपला नव्हेच’ हे विधान कृतीविषयी नाही आणि खेळाडू म्हणून कर्त्याविषयीही नाही. पहिल्या विधानाला पुढच्या सामन्यात उत्तर देता येते. दुसऱ्याला देणे कठीण. तिसऱ्याला कितीही उत्तम खेळून उत्तर देता येत नाही. जर्मनी बाद झाल्यामुळे हुमेल्स यांचे विधान आणि हे तिसरे विधान दोन्ही सारखीच ‘खरी ठरली’, असे मानणारास टीका आणि द्वेष यांतील भेद कधीच सांगता येणार नाही.

५

अर्जेंटिनाचा संघ ३६ सामने अपराजित राहून २२ नोव्हेंबर २०२२ रोजी लुसैल येथे सौदी अरेबियापुढे उभा राहिला. १० व्या मिनिटास लिओनेल मेसी यांनी पेनल्टीवर गोल केला. पूर्वार्धात अर्जेंटिनाचे आणखी तीन गोल ऑफसाइड ठरले. उत्तरार्धात ४८ व्या आणि ५३ व्या मिनिटास सालेह अल-शेहरी आणि सालेम अल-दवसारी यांनी गोल करून सामना २-१ असा जिंकला.

या पराभवास निव्वळ अपघात म्हणण्याची सोय होती. तीन रद्द गोल त्यासाठी साक्षीला होते. परंतु त्याच तीन गोलांचा दुसरा अर्थही होता. सौदी बचावफळी जाणूनबुजून बरीच पुढे उभी होती आणि अर्जेंटिनाचे आघाडीचे खेळाडू त्याच सापळ्यात पुनःपुन्हा सापडत होते. म्हणजे जो पुरावा दुर्दैवाचा म्हणून मांडला जात होता, तोच प्रतिस्पर्ध्याच्या योजनेचा होता. पराभूताच्या बाजूने बोलणाऱ्या चर्चेत प्रतिस्पर्ध्याचे कर्तृत्व सर्वांत आधी अदृश्य होते, ही उणीव येथे ठळकपणे दिसते.

प्रशिक्षक लिओनेल स्कालोनी यांनी अपघाताचा सिद्धान्त स्वीकारला नाही. मेक्सिकोविरुद्धच्या पुढील सामन्यात त्यांनी पाच खेळाडू बदलले. त्यानंतर पोलंडविरुद्ध एन्झो फर्नांडिझ आणि हुलियान आल्वारेझ यांना आरंभापासून उतरविले. १८ डिसेंबरच्या अंतिम सामन्यातही हे दोघे, आणि पहिल्या सामन्यात संघाबाहेर असलेले मॅक अ‍ॅलिस्टर, आरंभापासून खेळले. फ्रान्सविरुद्ध ३-३ अशा बरोबरीनंतर अर्जेंटिनाने पेनल्टींवर ४-२ असा विजय मिळविला. स्पेन मुख्य योजनेत बदल न करता विजेता झाला, अर्जेंटिना बदल करून. आणि जर्मनीने बदल केले, काही मागे घेतले आणि तो बाद झाला. ‘धीर धरा’ आणि ‘संघ बदला’ या दोन घोषणांपैकी कोणतीही स्वतः होऊन शहाणपणाची नाही, हे यावरून उघड होते.

६

आता आरंभीच्या प्रश्नांकडे वळता येईल. स्पर्धेच्या शेवटावरून पहिल्या दिवसाच्या टीकेची सत्यता ठरवावी, तर स्पेनविषयीचे अचूक निरीक्षण खोटे आणि ओझिल यांच्याविषयीचा आरोप खरा मानावा लागेल. हा निष्कर्ष विपरीत आहे. म्हणून ज्या निकषातून तो निघतो, तो निकष त्याज्य होय.

त्याऐवजी दुसरी एक कसोटी सुचविता येते. अलोन्सो यांचा फटका दांडीच्या चार बोटे खालून जाळ्यात गेला असता, तर केलेले विधान टिकले असते काय, असा प्रश्न प्रत्येक विधानास विचारावा. दोन खेळाडू मागे अडकल्याने आक्रमण मंदावते, हे विधान सामना १-१ असा बरोबरीत सुटला असता तरी टिकले असते. जर्मनीची मधली फळी उघडी पडते, हे विधान लोझानो यांचा फटका बाहेर गेला असता तरी टिकले असते. परंतु ‘या संघात विजयाची भूकच नाही’, ‘हा खेळाडू मनाने आपला नाही’ ही विधाने चेंडूच्या त्या चार बोटांवरच उभी असतात. गोल झाला की ती विरून जातात, न झाला की त्यांना सिद्धान्ताचे रूप येते. निकालाबरोबर ज्यांचा जन्म आणि मृत्यू होतो, ती विधाने मीमांसा नव्हेत. तो निकालाचाच प्रतिध्वनी होय.

ही कसोटी अपूर्ण कृतीलाही लागू पडते, हा तिचा विशेष आहे. पहिल्या सामन्यानंतर शेवटाविषयी प्रामाणिकपणे फारसे सांगता येत नाही. परंतु जे घडले ते कसे घडले, हे पुष्कळ सांगता येते. चाहत्याची आत्मीयता येथे अडथळाच होते असे नाही. संघ आपला असतो म्हणूनच तो नव्वद मिनिटांतील प्रत्येक रिकामी जागा लक्षात ठेवतो. मात्र त्या रिकाम्या जागेचे कारण खेळाच्या रचनेत न शोधता कोणाच्या कुळात किंवा निष्ठेत शोधले जाऊ लागले, की त्या वादातून खेळ नाहीसा होतो आणि एका माणसाला त्याच्या देशात परके ठरविण्याचा उद्योग तेवढा उरतो.

साहित्याच्या अभ्यासकांनी या वादाकडे लक्ष द्यावयाचे ते यासाठी. लेखकाची कीर्ती, त्याला मिळालेला मान किंवा त्याची जात, प्रांत आणि पक्ष ठाऊक झाल्यावर त्याच्या कृतीतील गुणदोष नव्याने ‘दिसू’ लागतात, हा अनुभव समीक्षेला अपरिचित नाही. तेथेही निकाल आधी लागलेला असतो आणि कारणे मागाहून जमविली जातात. मैदानावर हा क्रम दहा-पंधरा दिवसांत उघडा पडतो. साहित्यात तो उघडा पडावयास कित्येकदा एक पिढी जावी लागते, आणि तोवर अनेक कृतींचे नुकसान होऊन गेलेले असते.