डालं टांगलं म्हणजे दिवा होत नाही

चिखलीच्या आठवडी बाजारात बुरुडाच्या दुकानापुढे कोंबड्यांची डाली एकावर एक रचलेली असतात. तीच वीण, तोच घुमट, वरून फक्त एक वायर सोडलेली, असं काहीतरी हल्ली शहरातल्या शोरूममध्ये छताला टांगलेलं दिसतं. किंमत कितीतरी पट. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. बांबूच्या कामाला पैसा मिळावा, यात आनंदच आहे. तक्रार आहे ती संध्याकाळी बटण दाबल्यावर काय दिसतं, याची.

डाल्याची वीण मोकळी असते ती आत हवा खेळावी म्हणून. तिच्यात बल्ब सोडला की तो थेट डोळ्यांवर येतो आणि भिंतीवर षटकोनी सावल्यांचं जाळं पडतं. पहिल्या दिवशी छान वाटतं. त्याच उजेडात रोज जेवायचं, पोरांनी अभ्यास करायचा, तर डोळे शिणतात. दिवा करणाऱ्याला बांबूइतकाच उजेडही घडवावा लागतो, आणि आजच्या बहुतेक कामात तोच भाग राहून गेलेला आहे.

हे आपल्याला कधी ठाऊक नव्हतं असं नाही. आकाशकंदिलाच्या कामट्या बांधून त्यांवर खळीने पतंगाचा कागद चिकटवला, की आतला दिवा दिसत नाही, सगळा कंदीलच उजळतो. जपानमधल्या गिफू शहरात शिल्पकार इसामु नोगुची यांनी 1951 मध्ये हेच हेरलं. बांबूच्या बारीक कामट्या आणि तुतीच्या सालीचा कागद त्यांनी तिथल्या कंदील करणाऱ्यांकडून जसाच्या तसा घेतला, आकार मात्र नवे दिले. ते ‘अकारी’ दिवे आजही तयार होतात. आपला आकाशकंदील दिवाळीपुरता उरला, तोही आता बराचसा प्लॅस्टिकचा. साठ वॅटच्या बल्बच्या उष्णतेमुळे पूर्वी कागद लांब ठेवावा लागे. नऊ वॅटच्या एलईडीने ती अडचणही संपवली. तरी कंदिलाकडे डिझायनर वळत नाहीत, याची मला खंत आहे.

दुसरी चूक बांबूच्या जातीची. ईशान्येकडच्या लांब पेरांच्या बांबूची नाजूक वीण पाहून ती इथल्या मानवेलातून काढायला जातात. मानवेल जाड सालीचा, जवळजवळ भरीव, आखूड पेरांचा. त्याच्या काठ्या, चौकटी, कामट्या सुरेख होतात. मेळघाटात लवाद्याला सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी नव्वदच्या दशकात उभ्या केलेल्या संपूर्ण बांबू केंद्राच्या राख्या मला म्हणूनच आवडतात: वस्तू इवलीशी, पण बांबूच्या स्वभावातून आलेली. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला 2014 पासून प्रशिक्षण केंद्र आहे, म्हणजे शिकवणारेही विदर्भातच आहेत. 2017 मध्ये जंगलाबाहेरचा बांबू कायद्याने ‘झाड’ राहिला नाही, त्यामुळे बांधावरचा बांबू तोडून नेणंही सोपं झालं.

घाईचा माल मात्र खूप आहे. बांबूतल्या पिठुळ अंशावर भुंगा येतो. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात न मुरवलेला दिवा काही महिन्यांत जेवणाच्या टेबलावर पिवळी भुकटी सांडू लागतो. आणि वरून इतकं जाड व्हार्निश, की बांबू हाताला प्लॅस्टिकसारखा लागावा! मग नैसर्गिक वस्तू घेतली कशाला?

चिखलीतल्या एका बुरुड मावशींकडे मी घरासाठी दिवा करून मागितला. सोबत शोरूममधल्या दिव्याचा फोटो नेला होता. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि विचारलं, “भाऊ, उजेड खालतं पायजे का चौफेर?” मी म्हटलं, खाली, ताटावर. त्यांनी वरचा भाग सुपासारखा गच्च विणला, खाली येता येता वीण सैल सोडली, आणि बल्ब डोळ्यांच्या रेषेत येणार नाही इतका आत घेतला. काठाला सुपाचीच दुहेरी कांब बांधली.