गॅलँटर वाचताना : तीन महिन्यांची मुदत

कायदा आणि समाज यांचा एकत्र अभ्यास करणाऱ्या पदव्युत्तर वर्गात मार्क गॅलँटर यांचा १९७४ सालचा निबंध हमखास नेमलेला असतो. ज्यांच्याकडे आहे तेच कोर्टात पुढे का राहतात, हा त्याचा प्रश्न. पण आपण तो वाचतो कसा? विचारलं तर उत्तर येतं : श्रीमंत जिंकतात, गरीब हरतात. एवढं सांगायला निबंध कशाला हवा होता?

गॅलँटर यांचं म्हणणं वेगळं आहे. काही पक्षकार कोर्टात पुन्हा पुन्हा येतात, उदाहरणार्थ विमा कंपनी किंवा सरकार. काही आयुष्यात एकदाच. नेहमी येणाऱ्याला एखादा खटला सोडून देणं परवडतं. निकाल विरुद्ध जाईलसं दिसलं की तो तडजोड करतो, आणि बाजू भक्कम असेल तो खटला शेवटपर्यंत लढवतो. पुढच्यांसाठीचा नियम असा घडत जातो.

आपल्याकडे हे तपासायला १८९४ चा भूसंपादन कायदा घेऊ. जिल्हाधिकाऱ्यांनी ठरवलेला मोबदला अमान्य असेल तर कलम १८ खाली प्रकरण कोर्टाकडे पाठवून घेता येई. ज्यांना जमलं ते करत. बाकीचे मिळेल ते घेऊन गप्प. मग १९८४ साली कलम २८-अ आलं. शेजाऱ्याला कोर्टाने वाढवून दिलं, तर त्याच अधिसूचनेतल्या, अर्ज न केलेल्या जमीनधारकालाही त्या आधारावर वाढ मागता येईल. नियम कनवाळू आहे. मुदत मात्र कोर्टाच्या निवाड्यापासून तीन महिने, नकलेला लागणारा वेळ वगळून. आता निवाडा झाला हे त्याला सांगणार कोण? तो त्या खटल्यात पक्षकारच नाही! सरकार मात्र अशा प्रत्येक खटल्यात हजर. २०१३ च्या कायद्यातही ही मुदत तशीच राहिली.

कायद्याच्या तासाला आपण कलमाचा अर्थ लावतो, समाजशास्त्राच्या तासाला गरिबीबद्दल बोलतो. निवाड्याची बातमी गावात कशी पोचते, हे कुणाच्याच तासाला येत नाही.

निबंधात एक गोष्ट मात्र अपुरी वाटते. विलंब कोणाच्या पथ्यावर पडतो हे गॅलँटर सांगतात. पण त्यांचा 'एकदाच येणारा' आपल्याकडे वर्षानुवर्षं तारखांना येतो. खटला एकच, फेऱ्या असंख्य. त्याला कारकून कळतो, वकिलाची फी कळते, नियम घडवण्याची ताकद काही येत नाही. हा माणूस धड कुठल्याच खान्यात बसत नाही. आणि २८-अ ची बातमी गावात नेणारा बहुधा तोच असावा, असा आपला अंदाज. तो खरा की खोटा हे कोर्टाच्या व्हरांड्यात बसूनच कळेल; प्रबंधाचा विषय शोधणाऱ्यांनी तिथे चार दिवस काढावेत.